मालवणच्या पाण्यात माझा नंबर

मला पोहता येत नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढे मी समुद्राच्या तळाशी जाऊन आल्याचं वर्णन येणार आहे आणि वाचणाऱ्याने उगाच माझ्याबद्दल मोठं मत करून घेऊ नये. मी कोल्हापुरात एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते. वय एकोणपन्नास. आजवरचा सगळ्यात धाडसी प्रवास म्हणजे बोर्डाच्या पेपर तपासणीसाठी एकटीनं एसटीनं सांगलीला जाणं.

माहेरी आमच्या मळ्यात विहीर होती. माझे तिन्ही भाऊ तिच्यात पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकले. मी काठावर त्यांचे कपडे धरून उभी असायची. मुलींनी विहिरीत उतरायचं नसतं, एवढंच कारण होतं. त्याच्या पुढचं कारण कुणी दिलं नाही आणि मीही मागितलं नाही. भाऊ बुडी मारून वर आले की मी विचारायची, खाली काय आहे? धाकटा म्हणायचा, "काय न्हाई, पाणी." हे उत्तर मला चाळीस वर्षं पटलेलं नाही. एकदा आपण स्वतः खाली जाऊन बघावं, एवढी एक इच्छा तेव्हापासून मनात होती. ती मी कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगितली असती तर सगळ्यांनी मिळून ती विनोदी करून टाकली असती.

शनिवार, सकाळ

माझ्या नवऱ्याचं नाव सुकुमार. वजन अठ्ठ्याण्णव किलो. नाव आमच्या जैन घरात बारशालाच ठेवतात, वजन नंतर येतं, त्यामुळे यात कुणाची चूक नाही. घरी मी त्याला 'अहो' म्हणते. इथे सुकुमार म्हणणार आहे, कारण कागदावरचं त्याला ऐकू येत नाही.

सुकुमारचं शेतीच्या मोटारपंपांचं दुकान आहे. पण गावाकडं त्याची ओळख दुकानामुळे नाही, दमामुळे आहे. तरुणपणी तो मळ्यातल्या विहिरीत साठ फुटांवरून सूर मारायचा आणि बुडी मारून एकशे तीस आकडे होईपर्यंत वर यायचा नाही. आकडे मोजायला काठावर त्याचा मित्र दिलीप असायचा. दिलीप किती भराभर मोजतो हे मी ऐकलेलं आहे, पण गेली चोवीस वर्षं या विषयावर मी गणिताची शिक्षिका म्हणून तोंड उघडलेलं नाही.

तर त्या फेब्रुवारीतल्या शनिवारी सकाळी हे दोघे नेहमीप्रमाणे कळंबा तलावावर फिरायला गेले. तिथे दिलीपनं मोबाईलवर त्याच्या भाच्याचा व्हिडिओ दाखवला. भाचा मालवणला समुद्राखाली होता, तोंडात नळी, आजूबाजूला मासे. सुकुमार म्हणाला, "हे काय पोहणं हाय व्हय? नळी लावल्यावर कोणबी जाईल खाली."

दिलीप म्हणाला, "मग चल की."

कोल्हापुरात 'चल की' म्हटल्यावर माघार घेता येत नाही. घेतली तर ती गोष्ट पुढच्या पिढीला सांगतात. मी साडेअकराला शाळेतून चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन घरी आले, तेव्हा दारात बॅग भरून तयार होती. बॅगेत सुकुमारचे तीन टॉवेल होते. माझं काही नव्हतं.

"मालवणला निघालोय. उद्या संध्याकाळी परत. तू बी चल," तो म्हणाला. "डबा तेवढा करून घे."

डबा करणं भाग होतं. आमच्या घरात सूर्य बुडाल्यावर जेवत नाहीत, आणि मासे-मटण, कांदा, लसूण काही चालत नाही. अशा माणसानं मालवणला जायचं म्हणजे स्वयंपाकघर बरोबर घेऊनच निघायला पाहिजे. मी वीस दशम्या, शेंगदाण्याची चटणी, सुकी मटकी आणि दह्याचा डबा घेतला. पेपरांचा गठ्ठाही घेतला. तो परत येईपर्यंत उघडला नाही, हेही इथेच सांगून टाकते.

शनिवार, रस्त्यावर

दिलीपची गाडी होती. दिलीपचा कागल पंचतारांकित एमआयडीसीत कारखाना आहे, तिथे तो वॉल्व्हचे सुटे भाग बनवतो. जगातल्या कुठल्याही यंत्राकडं बघून तो आधी त्याचा वॉल्व्ह कसा चुकलाय ते सांगतो. त्याची बायको शैला माझ्याबरोबर मागे बसली. शैलाला घाट लागतो, बोट लागते आणि लिफ्टही लागते. ती हातात लिंबू घेऊनच आली होती.

राधानगरीच्या रस्त्याला लागलो तर पुढं उसाचा हंगाम. भोगावतीच्या अलीकडे उसाची एक ट्रॉली रस्त्यात आडवी झाली होती आणि अर्धा गाव ऊस उचलायला, उरलेला अर्धा ऊस खायला जमला होता. दीड तास तिथेच गेला. सुकुमारनं खाली उतरून ट्रॉली कशी उभी करायची ते सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि त्यांच्या पद्धतीनं उभी केली. एका म्हाताऱ्यानं गाडीच्या खिडकीतून आम्हाला दोन कांडी ऊस दिला.

"पावणं, कुठं निघालाय?"

"मालवणला. समुद्रात बुडी मारायला," दिलीप म्हणाला.

म्हाताऱ्यानं आमच्या चौघांकडं नीट बघून घेतलं. "घरात सांगून आलाय न्हवं?" त्यानं विचारलं.

दाजीपूरचं जंगल लागेपर्यंत साडेपाच होऊन गेले. रस्त्याकडेला गवे दिसतात म्हणे. आम्हाला गव्यांच्या नावाची पाटी दिसली. मालवणात जाऊन जेवायचं ठरलं होतं ते आता जमणार नव्हतं. सूर्य आमच्यासाठी थांबणार नाही हे सुकुमारला चांगलं माहीत होतं, म्हणून त्यानं दिलीपला फोंडा घाटाच्या तोंडाशीच गाडी थांबवायला लावली.

खाली कोकण पसरलेलं होतं. आमच्या भागात नजर टाकली की ऊस आणि मग पुन्हा ऊस. इथं एका डोंगरामागं दुसरा, त्यामागं तिसरा, प्रत्येक थोडा फिकट, आणि शेवटी नुसता धूर. मी ते बघत उभी राहिले तेवढ्यात एक माकड आलं आणि बॉनेटवरून दह्याचा डबा उचलून घेऊन गेलं. त्यानं झाडावर बसून झाकण उघडलं, हात घालून चाखलं आणि डबा खाली टाकून दिला. "दही आंबट झालं असंल," शैला म्हणाली. मी दुखावले गेले, हे कबूल करते. आम्ही उरलेलं अन्न उभ्यानं, घाईघाईत, सूर्याकडं बघत बघत खाल्लं.

मालवणात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. नारळीच्या बागेतलं एक घर राहायला मिळालं होतं. घरमालकीण बाई पन्नाशीच्या, बारीक, आवाज इतका हळू की आम्हाला कोल्हापूरकरांना प्रत्येक वाक्य दोनदा विचारावं लागत होतं. आमचं एक वाक्य मात्र शेजारच्या वाडीतही ऐकू जात असणार.

"जेवणाक सुरमय केलंय," त्या म्हणाल्या.

दिलीप आणि शैला हात धुवायला गेलेसुद्धा. सुकुमारनं सांगितलं की आम्ही दोघं मासे खात नाही, आणि आता काहीच खात नाही, कारण सूर्य बुडाला. बाईंनी हातातली पळी खाली ठेवली.

"मगे मालवणाक कित्याक इलात?"

"मासे बघायला," मी म्हणाले.

त्यांना ते खोटं वाटलं असावं. तरी त्यांनी सकाळी उजाडल्यावर घावणे आणि लसूण न घातलेली नारळाची चटणी करायचं कबूल केलं. दिलीप सुरमई खात असताना सुकुमार समोर बसून त्याला सूर कसा मारायचा ते सांगत होता. दिलीपला ते येत होतं. दोघांनी मिळून ती विहीर पुन्हा एकदा पार पाडली.

रविवार

सकाळी घावणे खाल्ले. सात खाल्ले. आमच्या आंबोळीची ही बारीक, जाळीदार बहीण आहे आणि मला ती मोठीपेक्षा जास्त आवडली. मग आम्ही जेटीवर गेलो. तिथं टेबल टाकून एक बाई नावं लिहून घेत होती.

"किती जण उतरणार?"

"दोन," सुकुमार म्हणाला.

"तीन," मी म्हणाले.

सुकुमारनं वळून माझ्या मागं तिसरा कोण आहे ते बघितलं. मागं कोणी नव्हतं. "तू?" तो म्हणाला. "तुला पोहायला कुठं येतंय?"

टेबलावरची बाई म्हणाली की पोहता यायची गरज नाही, सोबत जाणारा माणूस पूर्ण वेळ धरून असतो. सुकुमार हसला. रागानं नाही, लहान मूल मोठ्यांचे बूट घालतं तेव्हा आपण हसतो तसा. "बरं बरं," तो म्हणाला. "लिव्हा तीन." त्याला वाटलं असणार, पाण्याजवळ गेले की मी आपोआप रद्द होईन. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. 

आम्हाला एक फॉर्म दिला. त्यात रक्तदाब, दमा, कानाचे विकार विचारले होते आणि खाली 'पोहता येतं का?' असा रकाना होता. सुकुमारनं तिथं 'पट्टीचा' असं लिहिलं. दिलीपनं 'तोच' असं लिहिलं. मी 'नाही' लिहिलं आणि खाली सही केली.

मग रबरी पोशाख. तो अंगाला इतका घट्ट असतो की माणूस आत गेला की बाहेरच्यांना त्याच्याबद्दल सगळं कळतं. पंचवीस वर्षं साडीत वर्गावर गेलेल्या बाईनं तो घालून भर उन्हात जेटीवरून चालत जाणं, यालाही धाडसच म्हणावं लागेल. पण माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं, कारण सुकुमारची चेन लागत नव्हती. दोन माणसं ओढत होती, एक पाठीत गुडघा देत होता. शेवटी चेन लागली. त्यानंतर सुकुमारला हात खाली घेता येईनात.

आमच्याबरोबर उतरणारा माणूस संतोष. चाळिशीचा, काळा, आटोपशीर. घरची पिढ्यान्‌पिढ्यांची मासेमारी, हा दहा-बारा वर्षं लोकांना खाली नेतो. बोट समुद्रातल्या किल्ल्याच्या तटापासून थोड्या अंतरावर जाऊन थांबली. पाणी हिरवं होतं आणि तळाकडं काळसर. संतोषनं आम्हाला ओळीनं बसवून सांगितलं, "नाक बंद रवतला. तोंडान श्वास घेवा, तोंडान सोडा. कान दुखले तर नाक दाबून फुकर मारा. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. दम धरूचो नाय. कधीच नाय. खाली दम धरून वर इलात तर छातीक इजा होता."

"धरला तर किती वेळ धरायचा?" सुकुमारनं विचारलं.

"धरूचोच नाय."

"न्हाय, पण समजा धरला तर?"

संतोषनं त्याच्याकडं बघितलं. पुढं काय होणार आहे ते त्याला तेव्हाच कळलं असावं.

आधी दिलीप उतरला. शिडीला धरून त्यानं तोंड पाण्यात घातलं, दोन श्वास घेतले आणि बाहेर येऊन सांगितलं की या नळीचा वॉल्व्ह उलटा आहे. संतोषनं नळी स्वतःच्या तोंडात घालून श्वास घेऊन दाखवला. दिलीप पुन्हा गेला. माझ्या कमरेएवढ्या खोलीपर्यंत गेला, कान धरला, वर आला आणि म्हणाला की लहानपणापासून त्याचा डावा कान नाजूक आहे. शैला लिंबू हुंगता हुंगता म्हणाली, "आजच कळतंय मला."

मग सुकुमार. बोटीतले सगळे बाजूला सरकले. त्यानं शिडीवरून एकवार आम्हा सगळ्यांकडं बघितलं, छाती भरून हवा घेतली आणि पाण्यात गेला.

आणि तिथंच राहिला. खाली जाईना. छातीत एवढी हवा भरल्यावर माणूस खाली जाणार कसा? ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबसारखा तो पाण्याच्या वरच्या थरात अडकून राहिला होता. मास्कमधून डोळे मोठे दिसत होते, तोंडात नळी होती, पण बुडबुडा एकही येत नव्हता. संतोष त्याच्या समोर जाऊन हातानं खुणा करत होता, सोडा, सोडा. शेवटी त्यानं त्याला वर काढलं.

"श्वास सोडूक व्हयो!"

"कशाला सोडू? अजून हाय की माझ्याकडं," सुकुमार म्हणाला. त्याला धापसुद्धा लागली नव्हती.

दुसऱ्यांदा कमरेला जास्तीचं वजन बांधलं. तो हातभर खाली गेला आणि पुन्हा दम धरून बसला. तिसऱ्यांदा संतोषनं पाण्याबाहेरच त्याच्याकडून दहा वेळा श्वास घ्यायचा-सोडायचा सराव करून घेतला. बाहेर छान जमलं. डोकं पाण्याखाली गेलं रे गेलं की छाती आपली आपण बंद. सुकुमारला दोष देता येणार नाही. सात वर्षांचा असताना त्याला विहिरीत ढकललं तेव्हापासून त्याच्या अंगाला एकच गोष्ट ठाऊक आहे: पाणी आलं की दम धरायचा. जो जास्त वेळ धरील तो मोठा. आमच्याकडच्या सगळ्या विहिरींवर हेच शिकवलं जातं आणि त्यात तो पहिला आला होता.

एव्हाना वारा सुटला होता. बोट हलायला लागली. शैलानं लिंबू सोडून बोटीची कड धरली. आजूबाजूच्या दोन बोटी परत फिरल्या. संतोष पाण्यातूनच म्हणाला, "वारो वाढलो. आता एकाकच नेतलंय, मगे परत जावचा."

सुकुमार शिडीला लटकून होता. केस कपाळावर आलेले, ओठ नळीनं सुजलेले. "आणखी एक डाव बघतो," तो म्हणाला. "आत्ता जमंल." आणि त्यानं माझ्याकडं बघितलं.

त्यानं मागितलं काही नाही. मागायची गरज कधी पडलीच नाही. चोवीस वर्षं तो असं बघतो आणि मी म्हणते, "तुम्ही घ्या." गाडीतली पुढची सीट, दुपारची झोप, तव्यावरची पहिली भाकरी, नळाला पाणी कमी असेल तेव्हाची आंघोळ. यात त्यानं कधी जोर केला नाही, आणि मी कधी रडगाणं गायलं नाही. आमच्या घरात तसंच चालतं, माझ्या माहेरीही तसंच होतं. माझ्या तोंडात ते दोन शब्द येऊन बसलेही होते.

"वैनी," संतोष म्हणाला, "नंबर तुमचो आसा. काय करूया?"

बोटीतले सगळे माझ्याकडं बघत होते. मला त्या क्षणी फार वाईट वाटत होतं. सुकुमारबद्दल वाटत होतं, कारण तो मित्रासमोर हरला होता आणि हे त्याला सोसत नाही. आणि स्वतःबद्दल राग येत होता, कारण माझी इच्छा एवढी जुनी असून ती सोडायला मला अर्धं मिनिटही लागणार नव्हतं.

"माझा नंबर हाय," मी म्हणाले. "मी जाणार."

आवाज जरा मोठा निघाला. वर्गात मागच्या बाकाला ऐकू जावा इतका.  शैला बोटीच्या कडेवरून मान न उचलता म्हणाली, "जा गं."

सुकुमार शिडीवरून बाजूला झाला.

खाली

आता जे सांगते ते ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी.

आधी भीती. ती खरी असते. पाणी कानांवर आलं तेव्हा मी संतोषच्या मनगटाला इतकं घट्ट धरलं की नंतर तिथं माझ्या नखांचे वण दिसत होते. उतरण्यापूर्वी त्यानं विचारलं होतं, "पोवाक येता?" मी नाही म्हटल्यावर म्हणाला होता, "बरा झाला." त्याचा अर्थ मला आता कळला. माझ्या अंगाला पाण्याबद्दल काहीच शिकवलेलं नव्हतं. श्वास घ्या म्हणाले, घेतला. सोडा म्हणाले, सोडला. मी आयुष्यभर सांगितलेलं ऐकत आले, त्याचा इतका चांगला उपयोग यापूर्वी कधी झाला नव्हता.

मग आवाज. वर वारा, इंजिन, आमचं कोल्हापुरी बोलणं. खाली फक्त माझा श्वास. घेताना शिट्टीसारखा, सोडताना बुडबुड्यांचा. मी सवयीनं श्वास मोजायला लागले. एक्केचाळीसपर्यंत मोजले आणि मग विसरले, कारण मासे आले.

माझ्या आयुष्यात मासे म्हणजे बाजारातून जाताना नाकाला लावलेला पदर. ताटाजवळ आमच्यात तो शब्दही काढत नाहीत. मासा जिवंत असतो, त्याला घाई असते, त्याला तोंडावर भाव असतो, हे मला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले वीस-पंचवीस जण आले, माझ्या मास्कसमोर थांबले, मला बघितलं आणि कंटाळून पुढं गेले. बोटाएवढे निळे एका खडकाच्या फटीतून एकदम बाहेर यायचे आणि एकदम आत जायचे, मधल्या सुट्टीत पोरं वर्गाच्या दारात करतात तसे. खडकांवर पोवळ्याचे गोळे होते, तपकिरी, मेंदूसारख्या घड्यांचे. तळाला वाळू होती आणि वाळूवर वरच्या लाटांचं ऊन जाळीसारखं हलत होतं. संतोषनं माझा हात धरून तो वाळूवर टेकवला. मी समुद्राच्या तळाला हात लावला. गार होता, मऊ होता.

मी रडले. हे सांगायला मला लाज वाटत नाही. मास्कमध्ये रडलं तर पुसता येत नाही, पाणी डोळ्यांखाली साठून राहतं, एवढी अडचण आहे. नऊ वर्षांची असताना मी काठावर उभी राहून जे विचारत होते ते हे होतं. 'काय न्हाई, पाणी' हे उत्तर साफ चुकीचं होतं.

किती वेळ होते माहीत नाही. संतोष नंतर म्हणाला, पंधरा मिनिटं. मला विचाराल तर आकडा यात कामाचा नाही, आणि हे मी म्हणते आहे.

परतीचा रस्ता

वर आले तेव्हा सुकुमार बोटीच्या टोकाला टॉवेल गुंडाळून बसला होता. "झालं?" एवढंच म्हणाला. मी "झालं" म्हणाले. परत आल्यावर घरमालकीण बाईंनी काळ्या वाटाण्याची उसळ आणि भात वाढला. तो त्यानं निम्मा टाकला. ताटात अन्न टाकणं आमच्यात पाप समजतात. मी ताट उचलून नेलं.

गाडीत पुढच्या सीटवर हळूहळू बोलणं सुरू झालं. कणकवलीपर्यंत दोष वॉल्व्हचा होता. दिलीपच्या मते त्या वॉल्व्हची रचनाच बारीक अंगाच्या माणसांसाठी होती. फोंड्याला तो गढूळ पाण्यावर गेला. घाट चढताना दिलीप म्हणाला, "आपल्याला काय, आपण कधीबी जाऊ शकतो. लेडीजला एकदा चान्स द्यावा म्हणून सोडलं, असं सांगायचं." सुकुमार बाहेर बघत होता. तो व्हय म्हणाला नाही आणि न्हायही म्हणाला नाही. शैलानं डोळे मिटूनच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

  खाली गेले होते ते कोणी काढून घेऊ शकत नव्हतं, हे मला कळत होतं. पण कोल्हापुरात गोष्ट जशी पहिल्यांदा सांगितली जाते तशीच पुढं चालते. ती 'दिलेला चान्स' म्हणून चालली असती, तर माझ्या त्या पंधरा मिनिटांनाही 'तुम्ही घ्या' म्हटल्यासारखं झालं असतं.

राधानगरीच्या अलीकडे सूर्य बुडायच्या आत थांबून आम्ही उरलेल्या दशम्या खाल्ल्या. सुकुमारनं मला एक दशमी मोडून दिली. 

सोमवार

सकाळी सातला तलावावर फिरणारी सगळी मंडळी आमच्या घरी चहाला आली. सहा माणसं, वरून दिलीप. मालवणची बातमी आधीच पसरलेली होती. मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलं होतं. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं, कारण आमच्याकडं हळू कोणी बोलत नाही.

"काय सुकुमार, किती आकडे झालं खाली?" एकानं विचारलं.

दिलीपनं सुरुवात केली. "त्याचं काय झालं, त्या मशीनचा वॉल्व्ह..."

"तसं काय न्हवतं," सुकुमार म्हणाला.

 मी हातातली साखर तशीच धरून उभी राहिले.

"वॉल्व्ह चांगला हुता. पाणी बी चांगलं हुतं. मला जमलं न्हाई. तीनदा गेलो, तिन्ही डाव वर आलो." कुणीतरी हसलं. "हसा की. पण हिला पोहायला येत न्हाई, तरी ही तळाला जाऊन आली. आणि तिचा नंबर हुता तो मी खाणार हुतो. हिनं दिला न्हाई." तो थोडा थांबला. "बरं केलं."

मग त्यानं स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारली. "अगं, भाईर ये. खाली काय हाय ते तूच सांग. मी बघितलेलं न्हाई."

मी गॅस बंद केला आणि बाहेर येऊन खुर्चीवर बसले. बाहेरच्या खोलीत इतकी माणसं असताना मी खुर्चीवर बसल्याचं मला आठवत नाही. सात जण आणि सुकुमार माझ्याकडं बघत होते. मी अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, पाणी कानांवर येतं तिथपासून. आठ वाजले. चहा झालेला नव्हता, आणि कुणी मागितलाही नाही.